घरचे शेवटच्या पंगतीला

शिवांशचं जावळ ज्या वर्षी काढलं, त्याच वर्षी जनावरांची लंपी दुसऱ्यांदा आली. पिराजीच्या घरात वर्षं अशीच लक्षात राहतात. विहिरीला पाणी लागलं ते वर्ष, भारतचं लग्न झालं ते वर्ष, राजकन्या इंजिनेर झाली ते वर्ष. आणि आता हे, नातवाच्या जावळाचं.

जावळ वैशाखात झालं. कंधार तालुक्यातलं लहानसं गाव, दारातला लिंब, लिंबाखाली मामाच्या मांडीवर बसलेला शिवांश. न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि पोरानं असा टाहो फोडला की गोठ्यातला माणक्या बैलसुद्धा कान टवकारून बघू लागला. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणं झालं. बिघडलं ते पुढं, जेवणात.

पिराजीच्या पोरानं, भारतनं, हौसेच्या भरात आवतन दिलं होतं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, आलागेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायला यायचं. आपल्या गावापुरतं दिलं असतं तरी निभावलं असतं. त्यानं शेजारच्या वाड्यांनाही तसंच दिलं आणि सगळ्यांना वेळ एकच सांगितली. उन्हं डोक्यावर आली आणि माणसं आली ती लोंढ्यानं आली. अन्नाला तोटा नव्हता. मागच्या खोलीत भाताच्या कढया भरलेल्या, बुंदीची टोपली भरलेली. तोटा होता अंगणाचा. अंगणात माणूस इतकं दाटलं की बसायला जागा नाही, म्हणून सगळे उभे. आणि सगळे उभे, म्हणून कोणालाच बसता येईना. वरणाची बादली घेऊन निघालेला वाढपी मधेच अडकला. त्याला पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. आत अन्न निवत होतं आणि बाहेर माणसं उपाशी.

पिराजी हा पंगतीचा माणूस. आसपासच्या गावांत कोणाचं लग्न असो, बारसं असो, पंगत बसवायला पिराजीला बोलावणं यायचं. खांद्यावरचा टावेल कमरेला बांधून तो ओट्यावर चढला आणि ओरडला, "उठा, सगळे अंगणाच्या बाहीर व्हा! कोणी रुसू नका. वरच्या आळीची माणसं तेवढी आत या. बाकीच्यांनी मारुतीच्या पारावर बसून पान खा. एक पंगत उठंल, पत्रावळी उचलत्याल, सडा पडंल, मंग दुसरी."

घटकाभरात घडी बसली. पंगत बसत होती, उठत होती, अंगण मोकळं होत होतं, पुन्हा भरत होतं. भारत घामानं निथळत बापाजवळ आला.

"आबा, सकाळधरनं पोटात काई न्हाई. या पंगतीला बसू का?"

"घरचे शेवटच्या पंगतीला," पिराजी म्हणाला.

घरचे बसले तेव्हा दिवस कलला होता आणि बुंदी संपली होती. पिराजी, त्याची बायको रुक्मिणबाई, भारत, सून आणि नांदेडहून आलेली लेक राजकन्या, सगळ्यांनी वरणभात खाल्ला. पिराजीला त्याचं वाईट वाटलं नाही. पाहुण्याला पुरलं, यात त्याला घर भरल्यासारखं वाटलं.

श्रावणात बातम्या येऊ लागल्या. आधी उदगीरकडून, मग देवणीकडून. जनावराच्या अंगावर गाठी येतात, ताप चढतो, पाय सुजतात, जनावर वैरणीला तोंड लावत नाही. बैलबाजार बंद झाले. पोळ्याची मिरवणूक होणार नाही, असं ग्रामपंचायतीनं दवंडीऐवजी मोबाइलवर कळवलं.

पिराजीचा जीव माणक्यात गुंतला. लाल कंधारी बैल. रंग असा की उन्हात उभा राहिला तर नजर ठरू नये. माळेगावच्या जत्रेत लोक त्याच्या पाठीवर हात फिरवून जायचे आणि पिराजी मुद्दाम दुसरीकडं बघत उभा राहायचा, म्हणजे आपल्याला गर्व झालेला कोणाला दिसू नये. मागच्या साली गावात लंपीची सुई देणारे आले तेव्हा नेमका माणक्या गावात नव्हता. मेव्हण्याचा एक बैल लंगडला म्हणून पेरणीला त्याच्याकडं धाडला होता. त्याचा जोडीदार हौशा, दोन्ही गाई, सगळ्यांना सुई मिळाली. माणक्या तेवढा राहिला. पुढं बघू, पुढं बघू म्हणत वर्ष गेलं.

"तुमी नांदेडला जा," रुक्मिणबाईनं एका सकाळी भाकरी थापता थापता सांगितलं. "पोरगी त्याच हापिसात हाय की. सुईची गाडी कोणत्या गावाला कधी जायची ते तितंच ठरतंय म्हनं."

"ठरवणारी ती एकटी हाय का?"

"एकटी नसंल. पन हाय तर खरी. म्हणावं, बाई, पहिली गाडी आपल्या गावाला लाव. जावळात बुंदी मागाय लाजलाव, तसं इथं लाजू नका."

"तवा मी लाजलो न्हवतो. रीत हाय ती."

"माणक्याला सांगा रीत," रुक्मिणबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर आपटली.

पिराजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाला. नांदेडला उतरून शेअर आटोनं वजिराबादेत आला. कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला गोदाकाठ पशुधन संघाचं ऑफिस होतं. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतल्या सभासदांच्या जनावरांच्या नोंदी इथल्या मशीनमध्ये होत्या. कोणत्या जनावराच्या कानात कोणत्या नंबरचा बिल्ला, कधी व्यालं, किती दूध, कोणता आजार, कोणती सुई, कुठल्या तारखेला. जनावराला माणसाचा हात लागला की एक ओळ वाढायची. अशा ओळी वर्षानुवर्षं साठत कोट्यवधी झाल्या होत्या. पिराजीची राजकन्या विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इथं लागली होती आणि ही सगळी नोंद तिच्या हाताखाली होती.

पिराजी जिना चढून दारात उभा राहिला. लेकीचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. ती पडद्याकडं बघत होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी होती. ती फुगत फुगत वर चालली होती, हिरवी होती ती पिवळी झाली, पिवळीची लाल झाली, आणि एकदम सगळा पडदा थिजला.

"पडली," राजकन्या म्हणाली.

"परत?" शेजारी उभ्या असलेल्या साहेबानं विचारलं. हे शिवशंकर, या ऑफिसचे मुख्य. मूळचे देवणीचे, बरीच वर्षं गावोगाव फिरून जनावरांना बिल्ले मारलेले, आता केस पिकलेले. त्यांची नजर दाराकडं गेली. "अरे, या की मामा! राजकन्या, तुझे वडील आलेत. बसा, बसा. चहा सांगतो."

"आबा, तुमी कामून आलाव? माय बरी हाय ना?"

"सगळे बरे हाईत. असंच आलो," पिराजी म्हणाला. मागायचं ते गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच बसलं. लेकीचा चेहरा असा उतरलेला त्यानं बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता.

खुर्चीवर बसून, कान देऊन, त्याला हळूहळू सगळं उमगलं. औषध लातूरला येऊन पडलं होतं. उद्या सकाळी गाड्या निघायच्या होत्या. पण औषध थोडं होतं आणि जनावरं फार. ज्यांना मागच्या साली सुई झाली आहे त्यांना पुन्हा देऊन भागणार नव्हतं. कोणत्या गावात कोणतं जनावर सुईवाचून राहिलं आहे, त्याची यादी आज संध्याकाळपर्यंत पाहिजे होती. यादी नसली तर ज्या गावचा पुढारी मोठ्यानं ओरडेल त्या गावात गाडी जाणार. आणि ती यादी काढायला गेलं की मशीन मान टाकत होती.

फोन वाजला. लातूरच्या मुख्य ऑफिसच्या महादेवी मॅडम. शिवशंकरांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय झालं यादीचं?"

"मॅडम, मशीनची मेमरी भरते आणि ती बंद पडते," शिवशंकर म्हणाले.

"मग मी हैदराबादहून मोठी मशीन मागवते. त्यांनी सांगितलंय, आठवडा जाईल. तोवर गाड्या अंदाजानं सोडू."

"मॅडम, मी राजकन्या बोलते. चूक मशीनची नाही, माझी आहे. मशीनला द्यायची क्वेरी मी चुकीची लिहिली. एका तालुक्यावर करून बघितली तेव्हा चालली, म्हणून तशीच सगळ्यावर लावली. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर सगळ्यांना सांगा की राजकन्यामुळं राहिलं."

"पाच वाजता फोन करते," मॅडम म्हणाल्या.

चहा आला. पिराजीनं बशीत ओतला, पण प्याला नाही. "बाई, चूक तुजी कशी? मशीन दमली म्हनून पडली ना?"

राजकन्येनं बापाकडं पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या ओठांवर हसू आलं. "आबा, दादानं जावळाचं आवतन कसं दिलं होतं?"

"चूलबंद. त्याचं नावच काढू नको."

"मी बी तेच केलं. हे बगा, सगळ्या नोंदी आत डिस्कमधी पडून असत्यात. ते कोठार. तितं जागा भरपूर. पन मोजायचं, निवडायचं म्हणलं की नोंदी बाहीर अंगणात आणाव्या लागत्यात. त्या अंगणाला मेमरी म्हणत्यात. मी मशीनला काय सांगितलं? सगळ्या ओळी घेऊन ये, आन् ओळीत जे जे हाय ते समदं घेऊन ये. मालकाचं नाव, जनावराचा रंग, शिंगं, दूध, वासरं, सगळं. मला पाहिजे व्हतं काय? निस्ता बिल्ल्याचा नंबर, गाव, आन् सुईची तारीख."

"म्हंजे घरटी एक माणूस बोलवायचा, तर तू अख्खं घर बोलावलंस."

"हाव. आन् सगळ्या गावांला एकाच टायमाला."

"मंग अंगण मोठं करून द्या म्हणाव की. मॅडम तर द्यायला निघाल्यात."

"अंगण कितीबी वाढवा आबा, जनावरं दरसाल वाढत्यातच. परत कमी पडंल." तिनं पदराऐवजी ओढणी कमरेला खोचली. ते बघून पिराजीला आपला टावेल आठवला आणि त्यानं घाईघाईनं चहाचा घोट घेतला.

ती कामाला बसली. पिराजीला अक्षर सावकाश लागायचं, आणि पडद्यावरचं तर इंग्रजी, म्हणून तो नुसती ती कोपऱ्यातली पट्टी बघत राहिला. आता ती वेगळी वागत होती. थोडी वर चढायची आणि खाली बसायची, पुन्हा चढायची, पुन्हा बसायची. लोहाराच्या भात्यासारखी. राजकन्येनं एकेक गाव घेतलं होतं. गाव आत येई, त्यातली राहिलेली जनावरं निवडून बाजूला लिहिली जात, आणि पुढचं गाव येण्याआधी अंगण रिकामं.

"चाललं!" पिराजीच्या तोंडून निघून गेलं. रस्त्यावर मोसंबी विकणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"चाललं मामा," शिवशंकर हसले. त्यांनी झालेल्या यादीवर नजर फिरवली. फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. "राजकन्या, जरा इकडं ये. ही गाय माझ्या बहिणीची आहे. देवणी गाय. उदगीरच्या बाजारातून मीच घेऊन दिली. हिला सुई झालेली मी डोळ्यानं पाहिलीय, विकणाऱ्याच्या दारात. मग ही यादीत कशी?"

राजकन्येनं पडदा पुढं घेतला. तिनं गाईचा नंबर घातला आणि बघत राहिली. मग कपाळाला हात लावला.

"सर, सुई दिली तेव्हा गाय जुन्या मालकाच्या गावात होती. ती ओळ त्या गावाखाली आहे. मी बहिणीचं गाव काढलं तेव्हा गाय दिसली, पण सुई दिसली नाही."

"आपल्याकडं जनावर एका दावणीला कुठं राहतं?" शिवशंकर म्हणाले. "बाजारात विकतात, पोरीला आंदण देतात, वाट्यानं देतात. अशी किती निघतील?"

"हजारांनी निघतील."

पिराजीला मेव्हण्याकडं गेलेला माणक्या आठवला. घड्याळाचा काटा दुपारच्या पलीकडं गेला होता. त्याला वाटलं, आता पोरगी हातपाय गाळणार. मोठी मशीन येऊ द्या म्हणणार. म्हणाली असती तरी त्यानं तिला बोल लावला नसता.

राजकन्येनं झालेली सगळी यादी पुसून टाकली.

"अगं!" पिराजी अर्धा उठला.

"चुकीची यादी ठेवून काय करायचं आबा? कोणीतरी तीच घेऊन जाईल." ती शिवशंकरांकडं वळली. "सर, गाव बदलतं, मालक बदलतो. कानातला बिल्ला बदलत नाही. पंगत गावाप्रमाणं बसवायची नाही, बिल्ल्याच्या नंबराप्रमाणं बसवायची. एका जनावराच्या सगळ्या ओळी, कुठल्याही गावातल्या असोत, एकाच पंगतीत येतील. त्यातली शेवटची सुई आणि आत्ताचं गाव, एवढं लिहून घ्यायचं. बाकी सोडून द्यायचं. सगळ्या पंगती उठल्या की मग त्या यादीची गावाप्रमाणं वाटणी करायची."

"नंबराप्रमाणं मशीन पटकन शोधेल का?"

"नंबराचा इंडेक्स मी मागंच बांधून ठेवलाय. कोठारात हात घातला की नेमका तिथंच पडतो."

शिवशंकरांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली. "लाव मग. मी मधून मधून जनावरं तपासतो. माझ्या ओळखीची पुष्कळ आहेत."

पुन्हा भाता चालू झाला. पट्टी वर, पट्टी खाली. ती लाल एकदाही झाली नाही. शिवशंकर मोबाइलवर या गावच्या, त्या गावच्या माणसाला विचारत होते, "तुमच्या पांढऱ्या गाईला सुई कधी झाली? कुठं?" आणि राजकन्या तारीख सांगत होती, आणि दोन्हीचा मेळ बसत होता. बहिणीची देवणी गाय यादीतून निघून गेली. शिवशंकर दर वेळी पिराजीकडं बघून मान डोलवत. पिराजी मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागला, जत्रेत बघायचा तसा.

महादेवी मॅडमचा फोन आला तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

"झाली?"

"झाली मॅडम. आपल्याच मशीनवर."

"तपासली?"

"सरांनी गावोगावच्या माणसांना विचारून तपासली."

"हैदराबादवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगते," मॅडम म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "राजकन्या, हे कसं केलंस ते लातूरच्या पोरांना येऊन शिकव."

आता एकच राहिलं होतं. गावांचा क्रम. ज्या गावाच्या जवळ आजार, ते गाव आधी. हा नियम संघानंच ठरवला होता. राजकन्येनं त्याप्रमाणं गावं लावली. शिवशंकरांनी औषधाचा हिशेब मांडला आणि चष्मा काढून पुसला.

"पहिल्या गाड्यांत एका लहान गावापुरतं औषध शिल्लक राहतंय," ते म्हणाले. "मामा, तुमचं गाव लहानच आहे की. तुमच्या पोरीनं आज जे केलं, त्यापुढं हे काहीच नाही. घालायचं का?"

सकाळी एसटीत बसल्यापासून पिराजी जे तोंडात घोळवत होता, ते त्यानं न मागता ताटात येऊन पडलं होतं. नुसती मान हलवायची होती. त्याला माणक्या दिसला. लिंबाखाली उभा, शेपटीनं माश्या वारणारा. रुक्मिणबाईचं बोलणं कानात वाजलं. त्यानं लेकीकडं पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

"यादीत पुढचा नंबर कोणाचा हाय?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"देगलूरकडच्या एका वाडीचा," शिवशंकर म्हणाले. "त्यांच्या शेजारच्या गावात गाठी निघाल्यात."

"मंग त्यांला बसवा साहेब. घरचे शेवटच्या पंगतीला."

राजकन्येनं पडदा बापाकडं वळवला. गावांची नावं मराठीत होती. पिराजीनं काचेवर बोट ठेवलं आणि एकेक नाव लावत खाली खाली आला. देगलूरकडची वाडी वर, पहिल्या गाडीत, आधीच बसलेली होती. साहेब हिशेब मांडत होते तेवढ्यात राजकन्येनं शिल्लक औषध तिच्या नावावर लावलं होतं. आपल्या गावाचं नाव सापडायला त्याला वेळ लागला. ते पार खाली होतं, पुढच्या आठवड्यातल्या गाडीत.

"तुमी याच्यासाठीच आल्ता, हे मला दारात दिसलाव तवाच कळलं होतं," राजकन्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी आधीच असं लावलंय आबा. तुमाला राग आला तर येऊ दे म्हणलं, आन् लावलं."

पिराजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. साहेबासमोर रडू फुटायला नको म्हणून तो म्हणाला, "जिलेबी कुठं चांगली भेटती गं इथं? तुज्या मायला न्यायची हाय."

घरी पोहोचला तेव्हा रुक्मिणबाई दारातच होती.

"काय आणलाव?"

"जिलेबी."

"मी गाडीचं इचारलं."

"गाडी यील. पुढल्या आठवड्यात." मग त्यानं तिला सगळं सांगितलं. पडलेली मशीन, भात्यासारखी पट्टी, पुसून टाकलेली यादी, मॅडमचा फोन. सांगताना तो उठून उभा राहिला होता, हातवारे करत होता. रुक्मिणबाईनं ऐकून घेतलं. ती रागावली होती, तरी मधेच तिनं विचारलं, "मॅडम काय म्हनली? परत सांगा." त्यानं परत सांगितलं. तिनं जिलेबीचा एक तुकडा शिवांशच्या तोंडात घातला, एक माणक्याला नेऊन दिला.

पहिल्या गाड्या देवणी, उदगीर, देगलूर या बाजूला गेल्या. यादी हातात घेऊन माणसं थेट दावणीला जात होती. या गाईला द्या, त्या वासराला नको. औषध वाया गेलं नाही. देगलूरकडच्या त्या वाडीत एकही जनावर दगावलं नाही, असं शिवशंकरांनी पुढं स्वतः फोन करून पिराजीला सांगितलं.

पिराजीच्या गावाची गाडी ठरल्या दिवशी आली. त्याच्या आदल्या संध्याकाळी माणक्यानं वैरण सोडली होती. मानेवर आणि पोटाखाली हाताला गाठी लागत होत्या. गाडीबरोबर आलेल्या डॉक्टरनं ताप बघितला आणि मान हलवली. आजारी जनावराला सुई देत नाहीत. "मामा, हा आजार अंगात आधीच शिरला होता," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सुई दिली असती तर वाचलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सुई अंगात मुरायला दिवस जातात." नाहीच वाचला असता, असंही तो म्हणाला नाही. पिराजीच्या ते ध्यानात आलं. डॉक्टरनं औषधं दिली. पिराजी आणि भारत हळदीच्या पाण्यानं गाठी पुसत राहिले. राजकन्या रजा काढून आली आणि गोठ्यातच बसली.

पोळ्याला गावात वाजंत्री नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या दारात बैल धुतले, शिंगं रंगवली, पुरणपोळी चारली. पिराजीनं हौशाची एकट्याची शिंगं रंगवली. वाटेनं जाणारे हणमंतराव थांबले. गावातले जुने पुढारी, तोंडाचे तिखट.

"पिराजी, लेक त्याच हापिसात असून आपल्या गावाला गाडी शेवटी? काय उपेग झाला तिच्या शिक्षणाचा?"

रुक्मिणबाई उंबऱ्यात उभी होती. पिराजीला वाटलं, आता ही बोलणार, आणि तिला बोलायचा हक्क आहे.

रुक्मिणबाई बोलली. "हणमंतराव, जावळात तुमी कितव्या पंगतीला बसला होताव?"

"पहिल्या. का?"

"बुंदी भेटली का?"

"भेटली की."

"आमाला न्हवती भेटली. तवा तर काई इचारलं न्हाई तुमी." ती आत गेली आणि पुरणपोळी घेऊन आली. आधी हौशाला घातली, मग एक हणमंतरावांच्या हातावर ठेवली. पिराजीनं रंगाचा हात धोतराला पुसला आणि ताठ उभा राहिला. या खेपेला त्यानं दुसरीकडं बघितलं नाही.

गावातली बाकी सगळी जनावरं वाचली. माणक्या त्या वर्षीच्या श्रावणात, पोळ्याच्या आदल्या सोमवारी, दिवस उगवायच्या वेळेला गोठ्यात मेला.